चौदा घरांचा गूळ

बोट आत गेलं. फार नाही, अर्ध्या नखापर्यंतच, पण गेलं. महेजबीननं ते लगेच बाहेर काढलं नाही. स्लॅबच्या कडेला उकिडवी बसून ती त्याच्याकडं बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचं बोट होतं आणि त्यानं आगाऊपणा केला होता. काल सकाळी अकराला काँक्रीट ओतलं होतं. आज साडेनऊ वाजत आले होते. साडेबावीस तासांनी काँक्रीटवर बोट दाबलं तर दुखायचं ते बोटानं. काँक्रीटनं जागा करून द्यायची नसते. ती उठली, साकवावरून रस्त्याच्या बाजूला आठदहा पावलं मागं आली आणि बुटाची टाच आपटली. टणक. आणखी मागं येऊन पुन्हा आपटली. तिथंही टणक. तीन गाड्यांचा माल होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीचा दगड झाला होता, आणि पहिल्या गाडीचा, वस्तीकडच्या टोकाचा, अजून खव्यासारखा मऊ होता. खाली ओढ्याला घोटाभर पाणी होतं, सेंटरिंगचे टेकू जागच्या जागी उभे होते, वर डोंगरावरून जानेवारीचा कोरडा वारा येत होता आणि पलीकडं शेळ्या ओरडत होत्या. सगळं कालच्यासारखंच होतं. पहिली गाडी, असं मनात आलं मात्र, आणि तिला कळलं. डोक्यानं मात्र लगेच दुसरीकडं तोंड फिरवलं.

कारण ह्या मिक्सचा तिला गर्व होता. शिवऱ्याच्या प्लँटवरून निघालेली गाडी नसरापूर, विंझर करत वेल्ह्याला यायची आणि तिथून वर ह्या धनगरवस्तीपर्यंत चढायची म्हणजे अडीच तासांचा रस्ता. अडीच तास ड्रममध्ये फिरूनही काँक्रीट आळता कामा नये, पंपातून सरळ जायला हवं, आणि ओतल्यावर मात्र वेळेत धरायला हवं. हे तिन्ही एका मालाकडून करून घ्यायचं म्हणजे तीन सुनांचं एका चुलीवर जमवण्यासारखं. तिनं ते जमवलं होतं. अकरा ट्रायल केल्या होत्या, पाणी घनमीटरला एकशेपंचावन्न लिटरवर आणलं होतं आणि औषधाचा डोस शेकड्याच्या दशांशात बसवला होता. औषध हा ड्रायव्हर लोकांचा शब्द. पिंपावर नाव मोठं लांबलचक असतं, पण प्लँटवर सगळे औषधच म्हणत आणि महेजबीनला पाठीमागं डॉक्टरीणबाई. पाठीमागं म्हणत, तरी तिच्या कानावर येईल इतक्या मोठ्यानं म्हणत, आणि तिनं कधी कुणाला टोकलं नव्हतं.

ह्या नादाची सुरुवात भोरातल्या घराच्या स्लॅबपासून झाली होती. तिचे अब्बा, इब्राहीम मिस्त्री, मिक्सर मशिनवाले. तालुक्यात निम्म्या घरांचे स्लॅब त्यांच्या मशिनवर पडलेले. हात सफाईचा आणि स्वभाव घाईचा. माल सरसर पळावा म्हणून ते मिक्सरात पाण्याची एक बादली जास्तच टाकत. काँक्रीट ताकासारखं वाहायचं, मजूर खूश, मालक खूश. स्वतःच्या घरालाही त्यांनी तसंच केलं. तिसऱ्या वर्षी तो स्लॅब खालून फाटला. मोठं काही नाही, केसासारख्या रेघा. महेजबीन सात-आठ वर्षांची असताना दुपारी चटईवर उताणी पडून त्या रेघा बघायची आणि त्यांना नावं द्यायची: ही नीरा, ही वेळवंडी, ही गुंजवणी. पावसाळ्यात त्या नद्यांना खरंच पाणी यायचं. अम्मी, म्हणजे गुलजारबी, खाली पातेली मांडत फिरायची आणि अब्बा मान खाली घालून म्हणायचे, सिमेंटच खराब होतं त्या साली. सिमेंट खराब नव्हतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला तिला ते समजलं, आणि समजलं तेव्हा वर्गात बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काँक्रीटला लागतं त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढं हळूहळू उडून जातं. जाताना आपली जागा रिकामी ठेवून जातं. काँक्रीट आकसायला बघतं, चारी बाजूंनी भिंतींनी धरलेलं असतं, आकसता येत नाही, मग फाटतं. आणि फटीतून आत गेलेलं पाणी सळई गंजवत बसतं. त्याच दिवशी सरांनी दोन घमेली मांडून दाखवली होती: एकात पाणी जास्त, दुसऱ्यात कमी पाणी आणि झाकणभर औषध. दोन्ही सारखीच वाहत होती. अठ्ठावीस दिवसांनी दोन्हींचे ठोकळे मशिनखाली ठेवले तेव्हा दुसऱ्यानं पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त भार घेतला. म्हणजे अब्बांची घाईही राहिली असती आणि घरही राहिलं असतं. नुसतं झाकणभर. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा अब्बा म्हणाले होते, "औषध आजाऱ्याला देत्यात गं. धडधाकट काँक्रीटला कशाला?" त्यांचं ते बोलणं तिला अजून आठवायचं आणि अजून राग यायचा, अब्बांचा नव्हे, त्या वाया गेलेल्या बादल्यांचा.

तर अशा बाईचं काँक्रीट धरलं नव्हतं. आणि का धरलं नव्हतं ते तिला ठाऊक होतं.

काल पहिली गाडी साकवाशी येऊन उभी राहिली तेव्हा वस्तीतली चौदाच्या चौदा घरं रस्त्यावर आली होती. वस्तीला आजवर साकव नव्हता. पावसाळ्यात ओढा चढला की आजारी माणूस अलीकडं आणायला चार-चार दिवस थांबावं लागे. हैबतीबुवा, वस्तीतले सगळ्यांत थोरले, पांढऱ्या मिशांचे, नवा पटका बांधून पुढं झाले. त्यांनी ड्रमला हळदकुंकू लावलं, चाकाखाली नारळ फोडला आणि मग ताटलीतला गुळाचा खडा उचलून महेजबीनपुढं धरला.

"बाईसायेब, पयला खडा तुमच्या हातानं पडूद्या."

"माझ्या? तुम्हीच टाका की बुवा."

"न्हाई. काम ज्येचं, मान त्येचा. गाडीचं तोंड गोड केल्याबगार आमी माल उतरू देत न्हाई."

नऊ वर्षांत साइटवर तिला हेल्मेट मिळालं होतं, ऊन मिळालं होतं, "मॅडम, जरा सरका" मिळालं होतं. मान कुणी दिला नव्हता. ती गाडीच्या मागची शिडी चढली, एकदा खाली बघितलं. सगळी वस्ती मान वर करून तिच्याकडं बघत होती. तिनं खडा ड्रममध्ये टाकला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साखर काँक्रीटला काय करते हे तिला कुणी सांगायला नको होतं. गाडी घाटात बंद पडली तर ड्रममधला माल आळू नये म्हणून प्रत्येक केबिनमध्ये साखरेची पिशवी तिनंच ठेवायला लावली होती. पण सहा घनमीटर मालात एक खडा म्हणजे विहिरीत चिमूट. तिनं मनातल्या मनात टक्केवारी काढली, हसली आणि खाली उतरली. ठोकळ्यांसाठी माल तिनं पूजेच्या आधीच काढून घेतला होता. मग हैबतीबुवांची कारभारीण चंद्राबाई तिला हाताला धरून घरात घेऊन गेली. तिथं नारळ दिला, खण दिला, दाट दुधाचा चहा दिला. चहा पिताना उघड्या दारातून गाडी दिसत होती. शिडीवर क्लीनर उभा होता आणि खालून एकेक हात वर होत होता. एक बाई, मग एक म्हातारा, मग एक लेकुरवाळी. क्लीनर घेत होता, टाकत होता. तिला दिसलं. उठायला हवं होतं. पण चंद्राबाई तिच्या केसांत अबोली माळत होती, आणि त्या क्षणी "थांबा" म्हणून ओरडणं म्हणजे मिळालेला मान परत ताटात ठेवण्यासारखं झालं असतं. एकेक खडा, कितीसा असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. दिसलं आणि न दिसल्यासारखं केलं, हे खरं.

आता ती तरातरा वस्तीत गेली. चंद्राबाई गोठा झाडत होती.

"मावशी, काल गूळ किती टाकला तुम्ही?"

"टाकला की. चौदा घरांनी टाकला."

"किती? एकेका घरानं किती?"

"मूठ मूठ. कमी कसा टाकायचा? एका घराचा गूळ ऱ्हायला तर साकव त्या घराला वळखत न्हाई. मग वरनं जाताना पाय घसरतो." चंद्राबाईनं झाडू खाली ठेवला. "का गं लेकी? काय झालं? तोंड का उतरलं तुजं?"

महेजबीननं चंद्राबाईला मूठभर गूळ काढायला लावला आणि आपल्या पिशवीतल्या काट्यावर ठेवला. दीडशे ग्रॅम. चौदा मुठी म्हणजे दोन किलो आणि वर शंभर ग्रॅम. पहिल्या गाडीत बावीसशे ऐंशी किलो सिमेंट. गुळातली साखर धरली तर शेकडा सात शतांश. ती गोठ्याच्या कुडाला टेकून उभी राहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. निदान अर्धा तरी. कारण इतक्या साखरेनं काँक्रीट मरत नाही. फक्त धरणं लांबतं. सिमेंटच्या कणांवर साखर बसून राहते आणि पाण्याला त्यांच्याशी बोलू देत नाही. मग ती हळूहळू सुटते आणि राहिलेलं काम सुरू होतं, उलट शेवटी ताकद थोडी जास्तच भरते. याच्या तिप्पट पडला असता तर तिनंच ब्रेकर बोलावला असता. पण वर तिचं स्वतःचं लांबवणारं औषध होतं, आणि वर ही थंडी. तीन गोष्टी एकत्र कशा वागतात ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. तीस तास लागतील, चाळीस लागतील, तिला सांगता आलं नसतं. तिला एवढंच माहीत होतं की तोवर ह्या मऊ मालाला वाऱ्यानं वाळू द्यायचं नाही. आतून धरण्याआधी वरून वाळला की तो फाटणार.

इतक्यात फोन वाजला. प्लँट मॅनेजर सोमेश्वर. ठेकेदाराच्या माणसानं सकाळीच त्यांच्या कानावर घातलं होतं.

"मॅडम, मला कळलंय. पॅनेलवरच्या हनुमंतानं डोस डबल टाकलाय, दुसरं काही नाही. मागच्या महिन्यात त्या औषधाच्या पंपाचं मीटर बिघडलं होतंच."

"प्रिंटमध्ये डोस बरोबर आहे, सर."

"प्रिंट काय, सांगितलं तेवढं छापतं. गेलं किती ते कुणी बघितलंय? तुम्ही फक्त लिहून द्या, जादा डोस. त्याला उद्यापासून घरी बसवतो. तुमच्या मिक्सवर बोट येता कामा नये. एप्रिलच्या एक तारखेपासून क्वालिटीचं सगळं तुमच्याकडं द्यायचंय, विसरलात का?"

ती विसरली नव्हती. ह्या पट्ट्यातल्या चार प्लँटची क्वालिटी, आणि त्यावर नाव महेजबीन इब्राहीम मुजावर. अम्मीनं आतापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांत सांगून ठेवलं होतं. तोंडात गूळ हा शब्द तयार होता, नुसतं तोंड उघडायचं होतं. ती म्हणाली, "बघते, सर." फोन बंद झाला. बघते. काय बघणार होती ती? बघून झालं होतं. तिला स्वतःची शिसारी आली आणि त्याच वेळी आत कुठंतरी गुपचूप हलकंही वाटलं, हे तिनं नंतर कधी स्वतःपासून लपवलं नाही.

मग ती कामाला लागली, कारण काम करताना माणसाला खोटं बोलावं लागत नाही. मऊ भागावर वाऱ्याच्या बाजूला पाच-सहा बारीक भेगा धरायला लागल्या होत्या. माल अजून ओला होता हेच बरं होतं. तिनं फळी टाकली, गुडघ्यावर बसली आणि गुरमाळा घेऊन एकेक भेग दाबून मिटवली. वर प्लास्टिक, त्यावर ओली पोती. पण वारा पोती उचलत होता आणि थंडी काही कमी होत नव्हती. हैबतीबुवा काठी टेकत येऊन उभे राहिले. काही चुकलंय हे त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

"बाईसायेब, ह्येला गार लागतंय का?"

"लागतंय, बुवा."

ते मागं वळले. थोड्या वेळानं वस्तीतून घोंगड्या आल्या. काळ्या, जाड, मेंढरांच्या वासाच्या, काही लग्नातल्या ठेवणीतल्या. बायकांनी त्या पोत्यांवर पसरल्या आणि कडेला दगड ठेवले. परदेशात काँक्रीटला थंडीत गरम ठेवायला म्हणे खास गोधड्या मिळतात. महेजबीननं त्यांची चित्रं बघितली होती. चंद्राबाई म्हणाली, "निजू दे त्येला. लेकरू बी नवीन जागी नीट झोपत न्हाई."

तिनं अब्बांना फोन लावला. का लावला ते तिला सांगता आलं नसतं. नऊ वर्षांत कामाबद्दल तिनं त्यांना काही विचारलं नव्हतं. सांगितलं मात्र खूप होतं. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन किलो? मग जातंय कुठं. आमी बी लई ठिकाणी टाकला गूळ. मालक मोठा, गूळ मोठा. एकदा कामथडीला दोन दिवस धरलं न्हवतं."

"मग? तुम्ही काय केलं?"

"काय करतो? पानी मारत बसलो. गुळानं काँक्रीट झोपतं बेटा, मरत न्हाई." मग ते म्हणाले, "मालकाला मातुर मी सिमेंटचं नाव सांगितलं. सिमेंटवाल्याचं गिऱ्हाईक तुटलं. भला मानूस व्हता."

अब्बा हे सहज बोलले, जुनी आठवण सांगावी तसं. तिनं फोन ठेवला. सिमेंटच खराब होतं त्या साली. म्हणजे ही सवय जुनी होती. तिच्याच घरातली होती. अब्बांनी सिमेंट पुढं केलं होतं, तिला हनुमंत पुढं करायचा होता. तिच्या मिक्समध्ये पाणी कमी होतं, एवढाच काय तो फरक. तिला वाटायचं, आपण अब्बांपेक्षा वेगळ्या आहोत. त्या वेगळेपणाचा केवढा तोरा मिरवला होता तिनं, घरात, जेवताना, पाहुण्यांसमोर! आणि आज साडेनऊपासून ती अब्बांच्याच वळणानं चालली होती, त्यांच्यापेक्षा चांगले बूट घालून.

एकच्या सुमाराला हनुमंताचा फोन आला. हनुमंत विंझरचा, पन्नाशीचा. बॅचिंगच्या, म्हणजे माल मोजून सोडायच्या, पॅनेलवर बसायचा. बसण्याआधी पॅनेल आपल्या रुमालानं पुसायचा. माझ्या हातून थेंब इकडंतिकडं व्हत न्हाई, असं तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा, आणि ते खरं होतं. प्लँटवर आणखी कुणाच्या हातावर तिचा इतका भरवसा नव्हता. तो भांडायला लागेल असं तिला वाटलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"म्याडम, एक विचारू का? काल पयल्या गाडीला म्या दोन येळा बटन दाबलं आसंल का?"

"हनुमंतराव..."

"मला तर येकदाच आठवतंय. पर सायेब म्हनत्यात तर आसंल. सकाळपासनं लई आठवून बघितलं. आता मलाच वाटाया लागलंय, दाबलं आसंल. वय झालं, म्याडम." पलीकडं प्लँटचा आवाज येत होता, खडी पडत होती. "तुमचं नाव माझ्यामुळं खराब झालं. एवढ्या ट्रायल केल्या तुमी. माफ करा."

त्यानं "हॅलो, हॅलो" केलं आणि रेंज गेली असं समजून फोन ठेवला. महेजबीन साकवावर बसून राहिली. माणसाची नोकरी जाणं तिनं सकाळपासून मनात धरलं होतं, एका कोपऱ्यात, नंतर बघू म्हणून. पण त्या माणसाला स्वतःचा हात खोटा वाटायला लागेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. नऊ वर्षं थेंब न चुकवलेला माणूस न केलेल्या चुकीची माफी मागत होता, तीही तिचं नाव खराब झालं म्हणून. तिला रडू आलं, आणि रडता रडता प्रचंड राग आला, स्वतःचा. तिनं परत फोन लावला. हनुमंताचा आता लागत नव्हता. मग तिनं वही काढली आणि जे झालं ते लिहून काढलं. चार ओळी झाल्या. ट्रायलच्या अकरा पानांपेक्षा त्या जड गेल्या.

तीनला सोमेश्वरांची जीप आली. ते बूट सांभाळत साकवावर आले, घोंगड्या बघून थबकले.

"हे काय? लग्न आहे का कुणाचं?"

"सर, हनुमंतानं काही केलेलं नाही. पहिल्या गाडीत गूळ पडलाय."

"गूळ?"

"दोन किलो शंभर ग्रॅम. पहिला खडा मी टाकला. बाकीचे पडताना मला दिसत होते. मी थांबवलं नाही. हे मला सकाळी साडेनऊला कळलं आणि तुम्हाला मी सांगितलं नाही. हे लिहून ठेवलंय."

सोमेश्वरांनी वही वाचली. मग आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्ही हुशार आहात ना? असलं लिहायचं नसतं. लिहायचंच तर लिहा, गावकऱ्यांनी टाकला, आपल्याला पत्ता नाही."

"पत्ता होता, सर."

हैबतीबुवा मागं उभे होते. वय झालं तरी कान शाबूत होते. ते काठी आपटत पुढं आले.

"सायेब, गूळ आमचा. बाईसायबांचा काय संबंद न्हाई. लिवायचं तर माजं नाव लिवा, हैबती गेनबा कोकरे."

"बुवा, पहिला हात माझा होता," महेजबीन म्हणाली.

"हात तुमचा, पर गूळ कुनाच्या घरचा?"

"तुम्हाला काय माहीत होतं, गुळानं काय होतं ते? मला माहीत होतं."

"आमच्या दारात येऊन तुमी चूक पदरात घ्यायची, आन आमी बगत ऱ्हायचं? आसं आमच्या वस्तीत होत न्हाई. चूक बी आमचीच."

"अहो, वाटणीला भांडल्यासारखं काय भांडताय दोघं!" सोमेश्वर वैतागून म्हणाले. मागं बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "उद्या ब्रेकर पाठवतो. एवढा भाग तोडून टाकू, विषय संपला."

"तोडायचा नाही," महेजबीन म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "काँक्रीट चांगलं आहे. उशिरा धरेल, पण धरेल. अठ्ठावीस दिवस द्या. ठोकळे गुळाच्या आधीच्या मालाचे आहेत, ते हिशेबात घ्यायचे नाहीत. स्लॅबलाच भोकं पाडून आतले गोल तुकडे, कोअर, काढू. कमी भरले तर साकवही तोडा आणि मलाही काढा. हेही लिहून देते."

सोमेश्वरांनी तिच्याकडं नीट बघितलं. "आणि एक तारखेचं राहिलं, हे कळतंय ना?"

"कळतंय, सर."

कळत होतं. घरी अम्मीला काय सांगायचं हा विचार आधी आला. चार प्लँट गेले, दारावरची नावाची पाटी गेली. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण जीप वळून गेल्यावर ती ताठ उभी होती, आणि ते तिला आवडलं.

काँक्रीटनं बुधवारी सकाळी धरलं. सेहेचाळीस तास. बातमी चंद्राबाईनं फोनवर दिली: "शेळी वरनं गेली, खूर उठला न्हाई." पुढचे चौदा दिवस वस्तीनं त्या स्लॅबवर पाणी वाळू दिलं नाही, पाळ्या लावून घेतल्या होत्या, एका घराची पाळी चुकली तर दुसरं घर ओरडायचं. महेजबीन दर तिसऱ्या दिवशी जात होती. सबंध पहिल्या भागात तिला दोन भेगा सापडल्या, केसाएवढ्या, वाऱ्याच्या कडेला, पोती पडण्याआधीच्या. तिनं त्यांची लांबी मोजून टिपून ठेवली. उरलेल्या भागात एकही नव्हती. अठ्ठाविसाव्या दिवशी तिन्ही गाड्यांच्या भागांतून कोअर काढले आणि पुण्याला लॅबमध्ये नेले. हनुमंतानं रजा टाकली आणि तिच्याबरोबर आला. ती नको म्हणाली नाही. त्याला तिनं सोमेश्वर साकवावर येऊन गेले त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, सकाळपासून गप्प राहिल्याचंही. त्यानं ऐकून घेतलं होतं आणि दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला होता. मशिनमध्ये पहिला कोअर ठेवला. पंचविसाच्या वर भरायला हवा होता. काटा पंचवीस ओलांडून गेला, तीस ओलांडून गेला. हनुमंत ओठ हलवत आकडे म्हणत होता. अडतीसला तडा गेला. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीचे चौतीस आणि पस्तीसला गेले. लॅबवाल्यानं विचारलं, ह्या पहिल्यात वेगळं काय घातलंय? महेजबीन इतक्या मोठ्यानं हसली की तो बिचारा बावरला. अडतीस! तिच्या हिशेबानं आलं होतं, तिच्या शब्दावर उभं राहिलं होतं. तिला वाटलं, रस्त्यात थांबवून कुणालाही सांगावं.

सोमेश्वरही खूश झाले. निकालाचा कागद हातात घेऊन म्हणाले, "झालं तर मग. आता रिपोर्टात कारण थंडी लिहून टाका. कमी तापमानामुळं विलंब. निकाल एवढा चांगला आलाय, आता कशाला ते गुळाचं? तो कागद वर गेला नाही तर एक तारखेचं अजून जमवता येईल."

महेजबीन आपल्या टेबलाशी गेली. थंडी होतीही, ते अगदी खोटं झालं नसतं. तिनं थंडी लिहिली, दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्यावर गूळ तसाच ठेवला, खाली आपलं नाव बापाच्या नावासकट पूर्ण लिहिलं, दोन केसाएवढ्या भेगाही लिहिल्या, आणि रिपोर्ट पाठवून दिला. त्याची एक प्रत तिनं पॅनेलवर नेऊन हनुमंताच्या हातात ठेवली.

त्यानं चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचत गेला, पान उलटलं, परत पहिल्या ओळीवर आला.

"ह्यात माझं नाव कुठंच न्हाई की."

"नाही."

"तुमचं तीन ठिकाणी हाय."

"हो."

हनुमंतानं कागदाची नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. घरी दाखवायला, म्हणाला. बाहेर तीन गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. "म्याडम," तो पॅनेलकडं वळत म्हणाला, "डोस सांगा." तिनं सांगितला. त्यानं बटन एकदाच दाबलं.